मुलींचा खो-खो आणि हाडांची शिल्लक

आमच्या वाघोलीच्या गटातल्या एका आजींचं मनगट मागे अंगणात नुसतं घसरून मोडलं. त्यावरून बैठकीत विषय निघाला आणि आम्ही एकमेकींना विचारलं, तुझं खेळणं कधी सुटलं गं? बहुतेकींचं उत्तर एकच आलं: पाळी आली तेव्हा. "मोठी झालीस, आता उड्या पुरे."

ही रीत जुनी आहे. खो-खोचे नियम आपल्या पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली ठरले. पण त्या काळी बाराव्या वर्षी कितीतरी मुली सासरी गेलेल्या असत. मुलीच्या लग्नाचं वय निदान १४ करणारा सारडा कायदा आला तो १९२९ साली. तोवर सुनेच्या वाट्याला खेळ म्हणजे नागपंचमीला माहेरी आल्यावरची फुगडी, झिम्मा, झोका. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत बायका उतरल्या १९६०-६१ मध्ये, कोल्हापूरला. नियम ठरल्यावर सेहेचाळीस वर्षांनी!

नेमकं याच वयात हाड भरत असतं. मुलगी झपाट्याने उंच होते, त्या दोनएक वर्षांत मोठेपणीच्या हाडातला साधारण पाव हिस्सा चुना साठतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तेव्हा खात्यात भरणा होतो, चाळिशीनंतर नुसती उचल. धावणं, उडी मारणं, गर्रकन वळणं यांचा हाडाला दणका बसतो आणि त्या दणक्यानेच ते जाड होतं. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॅश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात तपासले. पाळी येण्याआधी किंवा येताना खेळायला लागलेल्या बायकांच्या खेळणाऱ्या हातातल्या हाडाचा फायदा, पुढे बऱ्याच वर्षांनी सुरुवात करणाऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त निघाला. हा अभ्यास १९९५ चा. अर्थात दूध, नाचणी, कोवळं ऊन हवंच. नुसत्या उड्यांनी भागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला, कर्णधार होती प्रियांका इंगळे. तो सामना बघून आमच्या गटातल्या दोन आयांनी मुलींची नावं शाळेच्या संघात घातली. एकीची सासू अजून कुरकुरते, "पाळीत खेळू नये." दुखत नसेल, अंगात त्राण असेल तर खुशाल खेळावं.

वाघोली २०२१ ला महापालिकेत गेली, मोकळ्या रानांवर इमारती आल्या. अंगण नाही म्हणाल, तर गच्ची आहे. फुगडीला दोन मुली आणि थोडी जागा पुरते.