पिवळं कार्ड

दक्षिण अमेरिकेला निघालेल्या पाहुण्याला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात, बाकी बहुतेक ठिकाणी स्पॅनिश. आपल्याकडे जूनचा पाऊस असतो तेव्हा अर्जेंटिनात थंडी असते, म्हणून स्वेटर घ्या. हे सगळं खरंच आहे. पण जो सल्ला सर्वांत आधी द्यायला हवा तो बहुधा शेवटी आठवतो: निघण्याच्या किमान दहा दिवस आधी पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस टोचून घ्या आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा.

नव्या मुंबईत हा सल्ला तसा नवा नाही. नेरूळजवळ करावे इथे १९९३ पासून 'टी. एस. चाणक्य' ही जहाजावरच्या अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्था आहे. पलीकडे न्हावा शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. आमच्या कोकणी मुसलमानांत तर जहाजावर जाणं पिढ्यान् पिढ्यांचं. खलाशाच्या घरी कागदांची एक फाइल असते, तीत हे कार्ड असतंच. अडचण होते ती सहलीला किंवा मुलाकडे निघालेल्या माणसाची. तिकीट झालं, व्हिसा झाला, आणि लस आठवते चार दिवस उरल्यावर.

हे कार्ड तिकडचे अधिकारी मागतात, असा अनेकांचा समज असतो. काही देश मागतातही. पण आपल्याला ते हमखास लागतं परतताना, आपल्याच विमानतळावर. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. त्याला कारण आहे. पीतज्वर भारतात आजवर पसरलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस डास इथे घरोघर आहे. डेंग्यू आणतो तोच हा. पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, बांधकामावर साचलेल्या पाण्यात तो खुशाल वाढतो. डास तयार आहे, फक्त विषाणू यायचा आहे. २०१६ मध्ये अंगोलाहून चीनमध्ये परतलेल्या अकरा जणांना हा ताप असल्याचं आढळलं. तिथे तो पुढे पसरला नाही. आशियाचं ते नशीबच म्हणायचं.

आज आपण दुसऱ्यांकडे कागद मागतो, पण एक काळ असा होता की जग मुंबईकराकडे कागद मागत होतं. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी युरोपातल्या सरकारांनी व्हेनिसला परिषद भरवली. विषय एकच, मुंबईहून येणारा रोग कसा रोखायचा. सर्वांत मोठी धास्ती हाजींच्या जहाजांची होती. १८९७ मध्ये मुंबईहून हजला जाणं सरकारने बंदच केलं. ज्यांनी आयुष्यभर पैसा पैसा जोडला होता त्यांच्यासाठी ती केवळ आरोग्याची सूचना नव्हती. त्याच जानेवारीत भायखळ्याच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण लोकांच्या वाट्याला लसीच्या आधी आले ते घरात घुसणारे शिपाई. पुण्यात रँडचा खून झाला. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीत तपासणीवरून दंगल पेटली.

हाँगकाँगहून मुंबईत आलेली ही साथ बंदरामागून बंदर घेत १८९९ मध्ये ब्राझीलच्या सांतोसला पोहोचली. सांतोस म्हणजे कॉफीचं बंदर. ते बंद पडलं तर देशाची तिजोरी बंद. प्लेगवरचं औषध युरोपातून यायला वेळ लागे, म्हणून ब्राझीलने ते घरीच करायचं ठरवलं. १९०० मध्ये रिओजवळच्या मांगिन्योस इथे एक संस्था सुरू झाली. पुढे तिची सूत्रं ओस्वाल्दो क्रूझ या तरुण डॉक्टरकडे आली. हाफकिन आणि क्रूझ दोघेही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून आलेले. एकाला प्लेगने भायखळ्यात आणलं, दुसऱ्याला मांगिन्योसला नेलं.

क्रूझ यांच्यापुढे प्लेगबरोबर पीतज्वरही होता. त्याच्या भीतीने परदेशी जहाजं रिओ टाळत. हा ताप डासामुळे पसरतो, असं क्यूबाच्या कार्लोस फिनलाय यांनी १८८१ मध्येच सांगितलं होतं. वीस वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. क्रूझ यांनी घेतलं. १९०३ पासून त्यांची पथकं घराघरांतल्या टाक्या आणि पन्हाळी तपासू लागली. साथ आटोक्यात आली, पण जबरदस्ती तिथेही झालीच. १९०४ मध्ये देवीची लस सक्तीची केली तेव्हा रिओचे लोक रस्त्यावर उतरले. मदनपुरा आणि रिओ यांच्यात अर्धं जग आहे, पण दारात उभ्या राहिलेल्या शिपायाकडे बघणारी नजर तीच असणार.

पीतज्वराची लस मात्र यायला वेळ लागला. १९२७ मध्ये आजच्या घाना देशातल्या असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून विषाणू वेगळा केला गेला. त्याच वाणाला सौम्य करून मॅक्स थायलर यांच्या प्रयोगशाळेने १९३७ मध्ये लस बनवली. १९५१ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. आजही जगभर टोचतात ती हीच लस. असिबी हा माणूस त्या तापातून बरा झाला होता, हे मला थायलर यांच्या नोबेलइतकंच महत्त्वाचं वाटतं. मांगिन्योसची संस्था आज ही लस बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे.

रोग संपलेला नाही. २०१६ ते २०१८ दरम्यान ब्राझीलमध्ये तो पुन्हा मोठ्या प्रमाणावर आला. आधी जंगलातली माकडं मेली. माकडंच रोग पसरवतात असं समजून लोकांनी आणखी माकडं मारली. बिचारी धोक्याची घंटा वाजवत होती! आपल्या दोडामार्गात माकडताप आला, तेव्हा मेलेलं माकड दिसलं की आरोग्य खात्याला कळवायचं हे गावकरी शिकले. रोग वेगळा, पसरवणारी तिथे गोचीड आणि इथे डास, पण खूण तीच.

तर निघणाऱ्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत चिली आणि उरुग्वे नाहीत. पण वाटेत ब्राझील किंवा पेरूत थांबणार असाल तर लस घ्यावी. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यायची; मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयांत मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, म्हणून आधी वेळ ठरवून जावं लागतं. साठी ओलांडलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि अंड्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. २०१६ पासून कार्ड जन्मभर चालतं, त्यावर दहा वर्षांची जुनी मुदत छापलेली असली तरी. आणि कार्डावर शिक्का व लसीचा क्रमांक आहे ना, हे केंद्रातच पाहून घ्या. खाली एक रेघ मोकळी असते, तिथे सही डॉक्टरांची नाही, आपली करायची असते.