'पारंपरिक' म्हणजे नेमकं काय? लेझर, व्यायाम आणि गुडघेदुखीचा छोटा इतिहास

फिजिओथेरपीत पीजी करणाऱ्यांचा एक विषय हमखास ठरलेला असतो: 'गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये लेझर थेरपी आणि पारंपरिक फिजिओथेरपी यांची तुलना'. विषय चांगलाच आहे. पण सिनॉप्सिस लिहायच्या आधी या दोन्ही उपचारांचा इतिहास एकदा बघा. आपण नेमकी कशाची तुलना करतोय, हे त्यातूनच कळतं.

आधी लेझर. १९६० मध्ये थिओडोर मायमन यांनी पहिला रूबी लेझर चालवून दाखवला. त्याच दशकात बुडापेस्टला एंड्रे मेस्टर यांनी केस काढलेल्या उंदरांच्या त्वचेवर कमी शक्तीचा लेझर टाकला, तर तिथले केस लवकर उगवले. पुढे ते जखमांकडे वळले. म्हणजे परिणाम आधी दिसला, कारण नंतर शोधलं गेलं. त्यामुळे डोस किती, तरंगलांबी कोणती, हे प्रश्न बराच काळ मोकळेच राहिले.

आता 'पारंपरिक'. हा शब्द ऐकला की काहीतरी जुनं आणि पक्कं ठरलेलं असेल असं वाटतं. तसं नाही. १९४५ मध्ये थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांसाठी वजन वाढवत नेण्याचे व्यायाम मांडले. आपल्याकडे १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, ते पोलिओच्या गरजेतून. गुडघ्यासाठी शेक, शॉर्टवेव्ह डायाथर्मी आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हे सगळं एकाच टोपलीत आलं. व्यायामाचा भक्कम पुरावा मात्र पुढे जमा झाला. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ५४ चाचण्या होत्या. व्यायामानंतर लगेच मोजलेली वेदना १०० च्या मापावर सरासरी १२ गुणांनी कमी दिसली. काही महिन्यांनी हा फायदा ६ गुणांवर आला.

मग लेझरचं काय? २००४ च्या कॉक्रेन आढाव्याला ऑस्टिओआर्थ्रायटिसबाबत निष्कर्ष परस्परविरोधी दिसले. २०१९ मध्ये 'बीएमजे ओपन'मधल्या २२ चाचण्यांच्या आढाव्यात खोट्या लेझरपेक्षा खरा लेझर सरस ठरला, आणि शिफारस केलेला डोस पाळलेल्या चाचण्यांत फायदा जास्त होता. तरी २०२२ मध्ये इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेने ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी लेझर देऊ नका, व्यायाम सगळ्यांना द्या, असं सांगितलं.

गोंधळ वाटतोय ना? नीट बघा, प्रश्नच वेगवेगळे आहेत. 'लेझर खोट्या लेझरपेक्षा बरा का?' हा एक प्रश्न. 'लेझर व्यायामाची जागा घेईल का?' हा दुसरा. 'व्यायामाला लेझर जोडला तर भर पडते का?' हा तिसरा. तुमचा विषय बहुतेक वेळा दुसरा विचारतो, पण दवाखान्यात उपयोगी पडतो तिसरा. त्यासाठी दोन्ही गटांना तोच व्यायाम द्या, एका गटाला चालू लेझर, दुसऱ्याला बंद. नाहीतर मशीनचं अप्रूप आणि थेरपिस्टने दिलेला वेळ, दोन्ही लेझरच्या खात्यात जमा होतात. तरंगलांबी, प्रत्येक बिंदूवरचे ज्यूल आणि एकूण बैठका लिहून ठेवा. 'पारंपरिक' गटात काय दिलं, तेही तितक्याच बारकाईने लिहा.

आता हा प्रश्न लोह्यात आणून ठेवा. तालुक्यातल्या एखाद्या गावची शेतमजूर बाई गुडघा धरून बसली आहे. लेझरच्या बैठकांसाठी तिला नांदेडला किंवा लातूरला यावं लागलं, तर प्रत्येक खेपेला एसटीचं तिकीट आणि बुडालेली रोजंदारी. व्यायाम एकदा नीट शिकला की घरी करता येतो. पण कुणी पाठपुरावा केला नाही तर तोही सुटतो. म्हणून खर्च आणि सातत्य, दोन्ही मोजा.

मापाचंही तेच. १९८८ चा वोमॅक जिना, खुर्ची, मोटार, आंघोळीचा टब यांबद्दल विचारतो. मांडी घालून बसण्याबद्दल किंवा निंदताना उकिडवं बसण्याबद्दल नाही. पुढे आलेल्या कूसमध्ये उकिडवं बसणं आहे. निवड करताना हे लक्षात घ्या. आणि पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणी सीटीआरआयवर नोंदवा.

शेवटी तुमच्या प्रबंधातलं एक वाक्य पुढे कुणाच्या तरी चिठ्ठीवर 'दहा सिटिंग' होऊन उतरतं. ते पैसे त्या बाईच्या पदरातून जाणार आहेत. तेव्हा तुलना कशाशी करायची, हे आधी पक्कं ठरवा.