खुलताबाद, बाळाचा सातवा दिवस

साल 1945. खुलताबादेत निजामाचा अंमल आहे. तुम्ही औरंगजेबाच्या कबरीवरून पुढे येऊन एका माळवदाच्या घराच्या उंबऱ्याशी थांबता. आत बाळंतीण आहे. परवाच पाचवी पुजली. कालपर्यंत बाळ नीट पीत होतं. आता आई छातीशी धरते, पण त्याचं तोंडच उघडत नाही. चुलीपाशी तांब्या पडतो आणि तेवढ्या आवाजानं बाळाच्या मुठी आवळतात, पाठ कमानीसारखी वळते. "सटवाईनं लिहिलं ते कोण पुसणार?" कोणी पुटपुटतं.

सुईणीला बोल लावू नका. तिनं नाळ घरच्या विळ्यानं कापली, वर राख लावली. सगळीकडे हेच करत. माती-शेणातले धनुर्वाताचे बीजाणू नाळेच्या जखमेत शिरले. हवा न पोचणाऱ्या त्या जागी ते रुजले. त्यांचं विष नसांवाटे मज्जारज्जूपर्यंत गेलं आणि स्नायूंना सैल पडायला सांगणारा इशाराच तुटला.

खरं तर उपाय निघालेला आहे. जपानी शास्त्रज्ञ किटासाटोंनी 1889 मध्ये हा जंतू वेगळा काढला. 1920 च्या दशकात फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ रामों यांनी फॉर्मेलिननं विषाची नांगी मोडून लसीची वाट दाखवली. चालू महायुद्धात ब्रिटिश, अमेरिकी शिपायांना ती टोचलीही आहे. या गल्लीपर्यंत मात्र ती आलेली नाही.

आता चाळीसेक वर्षं पुढे या. 1985 साली देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झालाय. लसीचा डबा खांद्याला लावून नर्सबाई त्याच गल्लीत आल्यात. सासूबाई विचारतात, "सून धडधाकट आहे, सुई कशाला?"

"मावशी, सुई सुनेला, पण राखण बाळाची. तिच्या रक्तातली ताकद वारेतून पोटातल्या लेकराला मिळते. आणि नाळ कापायला नवंकोरं ब्लेडच घ्यायचं."

2015 मध्ये भारतानं माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन केल्याचं जाहीर झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी बाळाला हा रोग.

आता आजच्या खुलताबादेत उभे राहा. देवीचा रोग जगातून गेला, कारण तो फक्त माणसातूनच माणसाला होत होता. धनुर्वात मातीतून येतो. शेजाऱ्यांनी लस घेतली म्हणून तुम्ही वाचत नाही. एकदा रोग होऊन बरे झालात तरी पुढची हमी नाही. म्हणून गरोदरपणी टीडी या धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतरानं. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट लस, तिच्यातही धनुर्वाताची लस असते; पुढे बूस्टर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. माती कधीच निर्जंतुक होणार नाही, त्यामुळे हे काम एका पिढीत संपणारं नाही. तुमच्या घरात कोणी गरोदर असेल तर तिचं लसीकरणाचं कार्ड आजच काढून बघा.