सूक्ष्म आरसे आणि प्रकाशीय संदेशवहन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रकाशीय तंतूतून संदेश प्रकाशरूपाने धावतो. परंतु मार्ग बदलताना त्याचे विद्युत्संकेतात रूपांतर करावे लागे. हा टप्पा टाळण्यासाठी सूक्ष्मविद्युत्‌यांत्रिक आरसे पुढे आले. सिलिकॉनवर घडवलेला, मिलिमीटरच्या आसपास आकाराचा आरसा विद्युत्‌दाबाने कलतो व किरण इच्छित तंतूकडे वळवतो. अमेरिकेतील ल्यूसेंट कंपनीने १९९९ मध्ये असा २५६ मार्गांचा 'लॅम्डाराउटर' जाहीर केला. २००१ नंतरच्या दूरसंचार मंदीत तो टिकला नाही. पुढे २०२२ मध्ये गूगलने आपल्या संगणककेंद्रांत हेच तत्त्व वापरल्याचे प्रसिद्ध केले.

पुणे जिल्ह्यातील दोन उदाहरणे येथे उद्बोधक आहेत. खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीतील ३० अँटेनांचे संकेत तंतूंनीच मध्यवर्ती केंद्रात येतात. तेथे प्रत्येकाचा मार्ग ठरलेला असतो. पळसदेवसारख्या ग्रामपंचायती ज्या योजनेच्या कक्षेत येतात, ती २०११ मध्ये मंजूर झाली व २०१५ मध्ये 'भारतनेट' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या पहिल्या टप्प्यात प्रकाश विभाजकांनी वाटला गेला, वळवला गेला नाही.

तात्पर्य, मार्ग वारंवार बदलण्याची निकड असेल तेथेच हे तंत्र रुजते. ग्रामीण जाळ्याचे मूल्यमापन आरशांच्या अभावावरून नव्हे, तर प्रकाश शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो काय, यावरूनच व्हावे.