भाकर लाल, शेंगदाणे लाल : ॲलर्जीच्या तपासणीचा इतिहास आणि माझ्या एका बातमीची दुरुस्ती

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात लहान लेकरं आहेत त्यांनी सवड काढून शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

दोन वर्षांपूर्वी आपल्या भागात एक 'ॲलर्जी तपासणी शिबिर' झालं. थोड्याशा रक्तात दोनशे खाद्यपदार्थांची तपासणी, असा त्यांचा दावा होता. आयोजकांनी प्रेसनोट दिली, मी फोटोसकट बातमी लावली. एकही प्रश्न विचारला नाही. ती बातमी माझ्या बहिणीनं वाचली. तिच्या सात वर्षांच्या लेकराच्या अंगावर तेव्हा पंधरा दिवसांपासून गांधी उठत होत्या. दादानं छापलंय म्हणजे खरंच असणार, असं म्हणून ती त्याला घेऊन गेली. कापसाच्या पट्टीतले साडेसहा हजार रुपये भरले.

रिपोर्ट आला बारा पानांचा. हिरवे, पिवळे, लाल रकाने. लाल रकान्यात गहू, दूध, शेंगदाणे, तूर, अंडं आणि ज्वारी. रात्री तिचा फोन आला, "दादा, भाकर बी लाल हाय. लेकराला आता घालू तरी काय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढचे तीन महिने ते लेकरू भात, साबुदाणा आणि उकडलेल्या बटाट्यावर राहिलं. वजन अडीच किलो उतरलं. शाळेत खिचडीच्या वेळी ते बाजूला बसायचं.

बातमी लावायच्या आधी जे करायला पाहिजे होतं ते मी मग केलं. वाचलं, डॉक्टरांना विचारलं. त्यातून जे कळलं ते इथं मांडतो.

अन्न एखाद्याला बाधतं हे आपल्या लोकांना नवीन नाही. 'सोसत नाही', 'बाधलं', 'पित्त उठलं', 'गांधी आल्या' हे शब्द घराघरात आहेत. आयुर्वेदात सात्म्य आणि असात्म्य असा विचार आहे. सवयीनं शरीराला जे मानवतं ते सात्म्य. आपली आजी वांगं खाल्ल्यावर खाज येते का हे बघायची, आली तर त्या माणसापुरतं वांगं बंद करायची. तिची कधी चूक व्हायची, पण तिची पद्धत ध्यानात ठेवा. आधी माणूस, त्याचा त्रास, मग अन्नावर संशय.

आता तपासणीची गोष्ट. इंग्लंडात मँचेस्टरला चार्ल्स ब्लॅकली नावाचा डॉक्टर होता. त्याला स्वतःला दर उन्हाळ्यात शिंका आणि नाक गळण्याचा त्रास. संशय गवताच्या परागकणांवर. त्यानं स्वतःच्याच हातावर ओरखडा काढून त्यावर पराग लावले. जागा सुजली, खाजली. १८७३ मध्ये त्यानं यावर पुस्तक लिहिलं. आज दवाखान्यात कातडीवर थेंब टाकून टोचतात, त्या तपासणीचं मूळ तिथं आहे. 'ॲलर्जी' हा शब्द तेव्हा नव्हताच. तो १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं घडवला.

खाण्याच्या बाबतीत ही तपासणी सुरू झाली ती एका लेकरामुळंच. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस या डॉक्टरनं एका मुलाची हकिकत छापली. त्याला अंडं, बदाम आणि ओट खाल्ले की त्रास व्हायचा. श्लॉसनं हे पदार्थ कातडीवर लावून पाहिले, तिथं गांधी उठल्या. बघा, इथंही मुलाचा त्रास आधी माहीत होता. तपासणी त्या संशयाला पक्कं करायला केली.

१९२१ चा प्रयोग तर गोष्टीसारखा आहे. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेसलाऊ शहरात कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोघं डॉक्टर. क्युस्टनरला शिजवलेला मासा चालायचा नाही. प्राउस्निट्झला माशाचं काही व्हायचं नाही. क्युस्टनरच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, प्राउस्निट्झच्या कातडीत टोचलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासा खुशाल खाणाऱ्या माणसाच्या कातडीवर तेवढ्याच जागी गांध उठली. म्हणजे ॲलर्जी करणारी 'काहीतरी वस्तू' रक्तात आहे हे सिद्ध झालं. पण ती कोणती, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली.

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पती-पत्नीनं ती शोधली. स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिक हेही स्वतंत्रपणे तिथंच पोचले होते. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत तिचं नाव ठरलं, इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजे आयजीई. ही एक प्रकारची प्रतिपिंडं. ती रक्तात मोजायची 'रास्ट' नावाची तपासणी १९६७ मध्येच आली होती. तेव्हापासून कातडीला न टोचता, नुसतं रक्त घेऊन ॲलर्जी बघता येऊ लागली.

आणि गडबड इथून सुरू झाली. रक्त थेट प्रयोगशाळेत जाऊ लागलं, माणसाची हकिकत मागं राहिली.

रक्तात आयजीई सापडली म्हणजे ॲलर्जी आहेच, असं नसतं. शेजारच्या कर्नाटकात बंगळूरू-म्हैसूरच्या प्रौढ माणसांचा एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्धची आयजीई सापडली. पण त्रास आणि तपासणी दोन्ही जुळवून पाहिल्यावर बहुधा खरी ॲलर्जी असलेले निघाले १.२ टक्के. शंभरातल्या सव्वीस जणांचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह', आणि खरा त्रास एखाद-दुसऱ्याला. बाकीचे ते पदार्थ खुशाल खात होते.

म्हणून खात्रीची कसोटी वेगळीच ठरली. डेन्व्हरच्याच चार्ल्स मे यांनी १९७६ मध्ये दम्याच्या मुलांवर ती वापरून दाखवली. संशयाचा पदार्थ लपवून द्यायचा, एकदा खरा, एकदा खोटा. कधी काय दिलं हे ना मुलाला माहीत, ना तपासणाऱ्याला. मग काय होतं ते बघायचं. 'आम्हाला हे चालत नाही' असं सांगणाऱ्या सगळ्यांना त्रास झाला नाही. आजही खाऊ घालून बघणं हीच सर्वांत भरवशाची तपासणी मानतात. मात्र ती दवाखान्यात, औषधं हाताशी ठेवूनच. घरी कुणी करून बघू नका.

आता आमच्या बारा पानांकडं येतो. त्यात आयजीई नव्हतीच. आयजीजी नावाची दुसरीच प्रतिपिंडं मोजली होती. आपण जे अन्न खातो, त्याची शरीर ओळख ठेवतं. ती ओळख म्हणजे ही आयजीजी. ती निरोगी माणसातही असते, आणि बऱ्याचदा ते अन्न शरीरानं स्वीकारल्याचीच ती खूण असते. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेनं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं की खाण्याची ॲलर्जी किंवा न सोसणं ओळखायला ही तपासणी वापरू नये.

आता तो लाल रकाना परत वाचा. ज्वारी, गहू, तूर, शेंगदाणे, दूध, अंडं. आपल्या भागातलं लेकरू रोज दुसरं खातं तरी काय? तो रिपोर्ट आजाराचा नव्हता, बहिणीच्या चुलीचा होता. तिच्या घरात काय शिजतं हे सांगायला तिनं साडेसहा हजार रुपये दिले.

याचा अर्थ सगळ्या तपासण्या खोट्या, असा काढू नका. दुधाचंच घ्या. दुधाची ॲलर्जी वेगळी आणि दूध न पचणं वेगळं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारा लॅक्टेज हा घटक बऱ्याच लोकांत बालपणानंतर कमी होतो. मग दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, ढाळ लागते. यावरचं काम आपल्या महाराष्ट्रात फार लवकर झालं. १९६७ मध्ये डॉ. एच. जी. देसाई, ए. व्ही. चित्रे आणि के. एन. जीजीभॉय या मुंबईच्या संशोधकांनी लॅक्टोज पाजून करायच्या सोप्या तपासणीवर निबंध प्रसिद्ध केला. तत्त्व साधं आहे. उपाशीपोटी लॅक्टोजचं पाणी द्यायचं आणि ठरावीक वेळानं रक्तातली साखर बघायची. वाढली तर पचलं, नाही वाढली तर नाही पचलं. अशा माणसाला दही-ताक बहुतेक वेळा चालतं, कारण विरजणात त्यातलं काही लॅक्टोज आधीच संपलेलं असतं. आपल्या घरातली म्हातारी माणसं दूध नको म्हणत आणि ताकाचा तांब्या रिकामा करत, त्याचं हे एक कारण असू शकतं.

दुसरं उदाहरण गव्हाचं. हॉलंडमधले विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ. काही मुलं सतत जुलाब होऊन वाळत जायची, त्यांचा संशय गव्हावर होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं दुष्काळ पडला, पाव मिळेना. बाकीची मुलं सुकत होती तेव्हा ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती परत आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. या आजाराला सिलिॲक म्हणतात. त्याची रक्ततपासणी खरी आणि उपयोगाची आहे, पण ती गहू खात असतानाच करायची. आधीच गहू बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. आणि अशा रुग्णाला डॉक्टर गव्हाऐवजी काय खायला सांगतात? तांदूळ, बाजरी, ज्वारी. म्हणजे आमच्या रिपोर्टनं जिला लाल केलं तीच.

विनाकारण पथ्य केल्यानं आणखी एक नुकसान होतं. लंडनमध्ये ६४० तान्ह्या मुलांवर एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये त्याचा निकाल आला. या मुलांना इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती, म्हणजे पुढं शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचा धोका मोठा. अर्ध्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, अर्ध्यांना पाच वर्षं अजिबात दिले नाहीत. न देलेल्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, दिलेल्यांत ३.२ टक्के. घाबरून बंद ठेवल्यानं ॲलर्जी टळली नाही, उलट वाढली. आपल्याकडं लेकराच्या तोंडात शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी लवकर जाते. त्याची लाज वाटायचं कारण नाही. (अख्खा दाणा मात्र लहान मुलाला देऊ नका, घशात अडकतो.)

खरी ॲलर्जी ही चेष्टा नाही, हेही सांगितलं पाहिजे. काही खाल्ल्यावर मिनिटांत किंवा तास-दोन तासांत ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, आवाज बसला, लेकरू एकदम मलूल झालं, तर आमसूल लावत बसू नका. तडक दवाखाना गाठा. तिथं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन हा पहिला उपचार आहे. ज्यांच्या घरी अशी खरी ॲलर्जी आहे त्यांनी पुड्यावरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावावी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार गहू, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, सोयाबीन असे पदार्थ आत असतील तर ते पाकिटावर लिहावं लागतं.

बहिणीच्या लेकराचं पुढं काय झालं? तीन महिन्यांनी आम्ही त्याला नांदेडला लहान मुलांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी बारा पानं चाळली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "ताई, हे राहू द्या. मला सांगा, काय खाल्ल्यावर, किती वेळानं, काय झालं?" बहीण आठवत राहिली. गांधी कधी सकाळी उपाशीपोटी उठायच्या, कधी रात्री. एकाही पदार्थाशी मेळ बसेना. मग तिला आठवलं, हे सगळं सुरू व्हायच्या आधी आठवडाभर लेकराला ताप होता. डॉक्टर म्हणाले, तापानंतर अशा गांधी काही आठवडे उठतात आणि आपोआप जातात. त्या तर शिबिरानंतर महिनाभरातच गेल्या होत्या. आम्हाला वाटलं, पथ्यानं गेल्या.

त्या वीस मिनिटांच्या विचारपुशीत जे कळलं, ते बारा पानांत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तसं एकेक अन्न परत सुरू केलं. पहिल्या दिवशी अर्धी भाकर. लेकरानं खायच्या आधी आईकडं बघून विचारलं, "ही लाल नाही ना गं?" तो प्रश्न मी विसरू शकत नाही. आज तो सगळं खातो, पण नवं काही ताटात पडलं की अजून थांबतो.

ती बातमी माझ्या नावानं छापली होती. ती वाचून आणखी कुणी पैसे भरले असतील, लेकरांचं खाणं तोडलं असेल, तर त्या सगळ्यांची मी माफी मागतो. ही पोस्ट म्हणजे त्या बातमीची दुरुस्ती समजा. उशिराची आहे, हे मान्य.

पुढं अशी प्रेसनोट आली तर छापायच्या आधी मी तीन प्रश्न विचारणार आहे. तुम्हीही रक्त देण्याआधी विचारा. रक्तात नेमकं काय मोजणार, आयजीई की आयजीजी? रिपोर्ट वाचून सल्ला देणारा डॉक्टर कोण? आणि लेकराला काय खाल्ल्यावर काय होतं, ही हकिकत कुणी ऐकून घेणार आहे का?

असा रंगीत रिपोर्ट घरात असेल तर फाडू नका. तो घेऊन डॉक्टरकडं जा, आणि त्यावरून लेकराचं काय काय बंद केलंय तेही न लाजता सांगा.