पडद्यावरची झाशी

१९५३ साली सोहराब मोदी यांचा ‘झाँसी की रानी’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याविषयी लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या होत्या. देश स्वतंत्र होऊन सहा वर्षेही झाली नव्हती. ‘पुकार’ आणि ‘सिकंदर’ या बोलपटांनी मोदींचे नाव ऐतिहासिक चित्रपटांशी एकरूप झालेले होते. टेक्निकलर पद्धतीने चित्रित झालेला भारतातील पहिला चित्रपट हा मान या कृतीकडे जातो. त्यासाठी ‘गॉन विथ द विंड’चे एक छायालेखक अर्नेस्ट हॉलर यांना अमेरिकेतून पाचारण करण्यात आले होते, तर संगीताची धुरा वसंत देसाई यांच्याकडे होती. द्रव्य, श्रम आणि हौस यांपैकी कशाचीच उणीव नव्हती. असे असूनही चित्रपट साफ कोसळला आणि निर्मात्यास जबर आर्थिक फटका बसला.

या अपयशाची सांगितली जाणारी कारणे बहुधा वरवरची आहेत. राणी मरण पावली तेव्हा तिचे वय तिशीच्या आत होते. मेहताब त्या भूमिकेत प्रौढ दिसतात, ही टीका त्यांपैकीच एक. ती अगदीच गैर नाही. पण प्रेक्षक वयाचा विसंवाद पुष्कळदा पोटात घालतो. व्यक्तीचे अंतरंग हाती लागले नाही, तर मात्र तो क्षमा करीत नाही.

या चित्रपटात कथेची सूत्रे राजगुरूच्या हाती आहेत आणि ती भूमिका स्वतः मोदींनी केली आहे. झाशीला इतिहासात मानाचे स्थान मिळावे असा संकल्प राजगुरू करतो, धीट मनूला हेरतो, तिचा विवाह गंगाधररावांशी घडवून आणतो आणि तिला राज्यकारभारासाठी तयार करतो. परिणामी राणी ही दुसऱ्याने योजलेल्या कार्याचे साधन ठरते. जिचे मोठेपण स्वतःच्या निर्णयात होते, तिच्याकडून तो निर्णयच काढून घेतला जातो.

कागदपत्रांतील राणी निराळी आहे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी दामोदररावास दत्तक घेतले होते. डलहौसीने ते दत्तक विधान राज्याच्या वारशासाठी अमान्य केले आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. तेव्हा राणीने तलवार उपसली नाही. तिने अर्ज केले, पूर्वीच्या तहांचे दाखले दिले, जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. सरकारच्या न्यायबुद्धीवर विसंबून जे जे करता येण्यासारखे होते, ते सारे तिने करून पाहिले.

जून १८५७ मध्ये झाशीची पलटण उठली आणि जोखनबागेत इंग्रजांची कत्तल झाली. त्यानंतर राणीने कमिशनर अर्स्किन याला पत्रे लिहून घडलेला प्रकार कळविला व आपली अडचण सांगितली. इंग्रज अधिकारी येईपर्यंत तिने कारभार पाहावा, असे उत्तर तिला मिळाले. मध्यंतरी ओरछाच्या फौजेने झाशीवर चाल केली, ती तिने परतविली. तथापि सरकारच्या मनातील संशय फिटला नाही. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने वेढा घातला, तेव्हा तडजोडीच्या वाटा मिटल्या होत्या; तिने लढण्याचा निश्चय केला. लेखणी थकल्यावर उचललेली ही तलवार होती. विनवणीपासून रणांगणापर्यंतची ही चार वर्षांची वाटचाल हेच या चरित्रातील खरे नाट्य होय. जन्मतःच ठरून गेलेल्या वीरांगनेच्या वाट्याला ते येऊ शकत नाही.

या राणीला जवळून पाहिलेला एक मराठी साक्षीदार आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते. पुरुषी वेष धुळीने भरलेला, जीव तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढावयास पुढे सरसावतात, तो ती त्यांना थांबविते. आपण विद्वान, आपणास हे श्रम का, असे म्हणून स्वतःच पाणी शेंदून ओंजळीने पिते. विधवेच्या उदरनिर्वाहास मूठभर तांदूळ पुरले असते, असेही उद्गार ती त्या वेळी काढते. या प्रसंगाला तोफा, हत्ती वा रंग यांची गरज नाही. पराभूत झालेले, परंतु न वाकलेले एक मन तेवढे दिसले पाहिजे.

याच १९५३ सालच्या चित्रपटांतून राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. कोकणातील एका गरीब घराची ती साधी कथा. पुढच्याच वर्षी स्वतः मोदींनी ‘मिर्झा गालिब’ काढला. तो रंगीत नव्हता. त्यात एक कवी होता, त्याची विवंचना होती. ते सुवर्णपदक त्यालाही लाभले. मोदींच्या ठायी सामर्थ्य नव्हते असे म्हणावयास त्यामुळे जागा उरत नाही.

१७ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे राणी लढता लढता पडली. काही जण ही तारीख १८ जून मानतात. तिचा पुतळा उभारणे सोपे, कारण पुतळ्याला शंका पडत नाहीत. जिला शंका पडल्या, जिने उपाय शोधले आणि ते खुंटल्यावर जी उभी राहिली, ती राणी दाखविणे कठीण. पण तीच लोकांच्या उपयोगाची. कारण तिच्यासारखे काही आपल्यालाही करता येईल, असे सामान्य माणसाला तिच्याकडे पाहूनच वाटू शकते.