दान, दाता आणि धर्म : जुन्नर-आंबेगावच्या प्रदेशातील काही साक्षी

सर्व धर्म अखेर एकच गोष्ट सांगतात, हे वाक्य आपल्याकडे सभासंमेलनांत इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. त्यामागील हेतू सद्भावनेचा आहे, यात संशय नाही. परंतु शेजाऱ्याचा आदर करावयाचा तर तो आपल्यासारखाच आहे असे आधी ठरवून घ्यावे लागते, ही जी समजूत त्या वाक्याच्या मुळाशी आहे, ती मात्र विचार करण्याजोगी आहे. धर्माधर्मांतील साम्य व भेद केवळ ग्रंथांवरून ठरविण्यापेक्षा, एखाद्या लहानशा प्रदेशात त्या त्या धर्माच्या लोकांनी प्रत्यक्ष काय केले, हे पाहणे पुष्कळदा अधिक बोधप्रद होते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेला जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा डोंगराळ प्रदेश अशा पाहणीस फार सोयीचा आहे. तेथे दोन हजार वर्षे वेगवेगळ्या धर्मांची माणसे आली, राहिली आणि आपल्या खुणा ठेवून गेली. त्या सर्वांस लागू पडेल असा एकच प्रश्न आपण हाती धरू. तो प्रश्न दानाचा. दान करावे, असे कोणता धर्म सांगत नाही? पण कोणास द्यावे, कशासाठी द्यावे, आणि दिल्यावर दात्याच्या नावाचे काय करावे, हे विचारू लागताच वाटा फुटतात.

आरंभ नाणेघाटापासून करणे योग्य होईल. कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या या प्राचीन व्यापारी घाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. त्यात सातवाहन कुळातील पुरुषांच्या व राणी नागनिकेच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची पावले आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. भिंतीवरील मोठा शिलालेख इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. त्याच्या प्रारंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांस नमन केले आहे. पुढे राजसूय, दोन अश्वमेध इत्यादी श्रौत यज्ञांची यादी असून प्रत्येकाबरोबर दिलेल्या दक्षिणेचा हिशेब आहे. गाई हजारांनी मोजल्या आहेत, हत्ती-घोडे आहेत, आणि एके ठिकाणी तर २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे. ही दक्षिणा म्हणजे दयेने घातलेली भीक नव्हे. ती यज्ञाचे अंग आहे, आणि तिच्यावाचून यज्ञ पुरा होत नाही. घेणारा ऋत्विज विधीचा अधिकारी आहे, देणारा यजमान राजा आहे, आणि दोघांच्या मध्ये विधी उभा आहे. दान मोठे असावे, मोजलेले असावे, आणि त्याची नोंद राहावी, हे येथे वैभवाचे प्रदर्शन नसून कर्म यथासांग झाल्याचा पुरावा आहे.

नाणेघाट उतरून जुन्नर शहराकडे यावे, तो चहूंकडील डोंगर लेण्यांनी पोखरलेले दिसतात. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा व शिवनेरी या समूहांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. ती मुख्यतः बौद्ध भिक्षूंसाठी झाली. येथील लेखांत 'देयधम', म्हणजे धर्मार्थ दिलेली वस्तू, हा शब्द पुनःपुन्हा येतो, आणि दात्यांची नामावळी वाचू लागले म्हणजे नाणेघाटातील राजवैभव एकाएकी दूर राहते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिली. अदुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी २० निवर्तने आणि वडासाठी ९ निवर्तने जमीन लावून दिली. इरिल, चिट व चंद या तीन यवनांनी अनुक्रमे दोन पोढ्या, भोजनमंडप आणि गर्भद्वार दिले. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी व मंडप 'पुण्यार्थ' करविला. हा अयम आपणांस वत्सगोत्री म्हणवितो. वैदिक परंपरेचे गोत्र सांगावे आणि दान भिक्षुसंघास द्यावे, यात त्यास विसंगती वाटली नाही.

येथे भेद स्पष्ट दिसतो. नाणेघाटातील दान विधीच्या पूर्ततेसाठी आहे, तर लेण्यांतील दान दात्याच्या पुण्यासाठी आणि संघाच्या निर्वाहासाठी आहे. घेणारा भिक्षू कोणतेही कर्म करून देत नाही. तो शीलाने राहतो, एवढेच त्याचे देणे. म्हणूनच येथे राजाची आवश्यकता उरली नाही. धान्य विकणारा वाणीही दाता होऊ शकला, आणि परदेशातून आलेला यवनही. यज्ञात ज्यास यजमानाचे आसन मिळण्याचा संभव नव्हता, त्यास पाण्याचे टाके खोदून धर्मात स्थान मिळाले. बौद्ध धर्माच्या प्रसाराची कारणे मोठमोठ्या तत्त्वांत शोधली जातात. त्यांतील एक कारण या पोढ्यांच्या पाण्यात सापडते, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र एका बाबतीत नाणेघाट व लेणी यांचे ऐक्य आहे. दोन्ही ठिकाणी दात्याचे नाव दगडावर कोरले आहे. पुण्य हे कर्त्याचे असते, म्हणून कर्ता ओळखला गेला पाहिजे, असा त्यामागील भाव दिसतो. याच ठिकाणी पश्चिम आशियात उदय पावलेल्या धर्मांची शिकवण निराळी पडते. उजव्या हाताने दिलेले डाव्यास कळू नये, असा येशूचा उपदेश आहे. उघड दान चांगले, पण गुप्त दान अधिक चांगले, असे कुराण सांगते. शिवाय इस्लामात जकात ही दात्याची कृपा मानलेली नाही. साठविलेल्या धनाचा चाळिसावा भाग हा गरजूंचा हक्कच आहे, असा तिचा सिद्धान्त आहे. जैनांनी आहार, औषध व शास्त्र यांच्या जोडीस अभय हेही दान मानले. ज्यात वस्तू काहीच द्यावी लागत नाही, असे हे दान होय. मानमोडीच्या डोंगरातील एका लेण्यात मागाहून कोरलेल्या जैन मूर्ती आहेत, आणि लोक त्यांस अंबा-अंबिका म्हणून ओळखतात.

या अभयदानाची आठवण करून देणारा एक प्रसंग जुन्नरातच घडला. इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन हा ट्वेरचा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरून एक घोडा घेऊन जुन्नरास आला आणि पावसाळ्यात तेथे अडकला. त्या वेळी जुन्नर बहामनी राज्यात होते व असदखान तेथील सत्ताधीश होता. हा परदेशी मुसलमान नाही असे कळताच खानाने घोडा ठेवून घेतला. चार दिवसांत इस्लाम स्वीकारलास तर घोडा आणि वर हजार मोहरा मिळतील, नाही तर दोन्ही गमावशील, असे त्यास बजावले. मुदत भरत आली तेव्हा ख्वाजा महंमद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने खानाकडे रदबदली केली, आणि निकितिनास घोडाही परत मिळाला व धर्मही राहिला.

हा प्रसंग एकाच बाजूने वाचणे अन्यायाचे होईल. धर्मात जबरदस्ती नाही, हे वचन खानाच्याच धर्मग्रंथातील आहे. त्याने ते मोडले, आणि एका मुसलमानानेच ते सांभाळले. ख्वाजाने निकितिनास जे दिले ते अभयच. स्वतः निकितिनाची पुढील अवस्थाही मनन करण्यासारखी आहे. त्याचे धर्मग्रंथ वाटेत लुटले गेल्यामुळे सणवारांचा मेळ त्यास लागेना. तो मुसलमानांबरोबर उपवास करू लागला आणि त्याच्या प्रार्थनांत अरबी, फारसी व तुर्की शब्द मिसळले. खरा धर्म कोणता हे ईश्वरच जाणे, अशा आशयाचे उद्गार त्याच्या प्रवासवृत्तात आहेत. परंतु चार दिवसांच्या मुदतीत घोड्याच्या मोबदल्यात तो धर्म देण्यास तयार झाला नव्हता, हेही तितकेच खरे.

वस्तूंचे तसे नसते. त्यांस विचारणारा कोणी नसल्यामुळे त्या एका धर्माकडून दुसऱ्याकडे सहज जातात. लेण्याद्रीचा सातव्या क्रमांकाचा विहार वीस खोल्यांचा आहे. तेथे आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज विराजमान आहे. ज्या दालनाभोवती भिक्षू राहत, तेथे भाविक चतुर्थीस गर्दी करतात. आंबेगाव व खेड यांच्या सीमेवरील डोंगरात भीमाशंकराच्या देवळापुढे एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतून ती आली. चर्चमध्ये घंटा वाजते ती साऱ्या गावास एका वेळी प्रार्थनेस बोलाविण्यासाठी. देवळात ती ज्याची त्याने, आपण आलो आहो हे देवास कळविण्यासाठी वाजवावयाची. धातू तोच, नादही तोच, पण उपासनेची कल्पनाच निराळी. ही घंटा कोणी दिलेली नाही, ती जिंकून आणलेली आहे, हे सांगण्यास आपण संकोचू नये. लेणे ओस पडल्यावर वारशाने मिळाले, घंटा विजयाने मिळाली, आणि दोहोंचे पूर्वीचे धनी स्मरणात ठेवणे हे आजच्या भाविकाचे कर्तव्य आहे. त्यामुळे त्याच्या भक्तीस उणेपणा येत नाही.

शेवटी ओतूर. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराच्या सान्निध्यात चैतन्यस्वामींची समाधी आहे. तुकोबांनी आपले गुरू म्हणून ज्या बाबाजींचे नाव सांगितले, ते हेच, अशी परंपरा आहे. गुरूपदेशाचा प्रसंग तुकोबांनी आपल्या अभंगात वर्णिला आहे. स्वप्नात गुरूंनी मस्तकी हात ठेवला आणि भोजनास पावशेर तूप मागितले. स्वप्नातच त्याचा विसर पडला. तूप द्यावयाचे राहिले, आणि मंत्र तर मिळाला! नाणेघाटात दक्षिणेवाचून यज्ञ पुरा होत नव्हता. येथे शिष्याचे दान घडलेच नाही, तरी कृपा अपुरी राहिली नाही. त्याच प्रदेशात, अवघ्या काही कोसांच्या अंतरावर, धर्माच्या दोन कल्पनांत एवढे अंतर पडले. दोन्ही हिंदूच म्हणविल्या जातात, हे लक्षात घेतले म्हणजे भेद केवळ धर्माधर्मांत नसून एकेका धर्माच्या पोटातही असतो, हे उमगते.

तात्पर्य, जुन्नरचे दगड सर्व धर्म एकच असल्याची ग्वाही देत नाहीत. विधीसाठी दान, पुण्यासाठी दान, हक्क म्हणून दान, नाव लपवून दान, आणि दानावाचून कृपा, हे पाच निरनिराळे विचार आहेत. त्यांस एका पोत्यात भरणे म्हणजे त्यांतील एकाचेही न ऐकणे होय. अयमास स्वतःचे गोत्र पुसून टाकावे लागले नाही, आणि यवन चंदास आपले यवनत्व लपवावेसे वाटले नाही. ख्वाजा महंमदाने निकितिनास वाचविले, ते त्याचा धर्म आपल्यासारखा आहे असे वाटल्यामुळे नव्हे. आदरास सारखेपणाची अट नसते, एवढे जरी आपण या डोंगरांतून शिकलो, तरी तेथवर केलेली चढण व्यर्थ गेली असे होणार नाही.